अबोल पोरगा फौजेत टिकत नाही?

धरमपेठचा मामा
भाचा एसएसबीची, म्हणजे फौजेत अधिकारी निवडणाऱ्या मुलाखतीची, तयारी करतोय. त्याच्या क्लासने पोरांकडून ती सोळा स्वभावप्रकारांची चाचणी सोडवून घेतली आणि याला सांगितलं, "तू अंतर्मुख, भावनाप्रधान. लढाऊ तुकडी तुझ्यासाठी नाही." पोरगा दोन दिवस नीट जेवला नाही. मी मात्र क्लासच्या बाजूने, शिव्या घाला हवं तर. कोंबडी कापताना जो तोंड फिरवतो, तो समोर माणूस पडल्यावर काय करेल?

सुभेदार (रि.), कामठी
कोंबडीवरून माणूस मोजून राहिले काय जी? आमच्या कंपनीत एक पोट्टा होता, बॉक्सर, रोज कोणाशी तरी भिडे. पहिल्या चकमकीत वाघ. तिसऱ्या महिन्यात त्याले बुटाची नाडी बांधता येईना, हात थरथरत. दुसरा दिवसभरात दहा शब्द बोलणारा. तो याची नाडी बांधून दे. आता कोणता प्रकार कामाचा, सांगा.

सीताबर्डीकर
एका उदाहरणाने काय होते, साहेब? शांत माणूस आत कुढतो, बोलका मोकळा होतो.

मृण्मयी
मानसशास्त्र शिकवते, म्हणून थोडं लांबण लावते. ती चाचणी युंगच्या १९२१ मधल्या कल्पनेवरून एका अमेरिकन मायलेकींनी बेतली. दोघींचंही मानसशास्त्राचं शिक्षण नव्हतं. महिन्याभराने पुन्हा सोडवा, बऱ्याच जणांच्या चार अक्षरी निकालातलं एखादं अक्षर बदलतं. एसएसबीत ती नसतेच. तिथे चित्रावरून गोष्ट, शब्दावरून वाक्य, प्रसंगात काय कराल, हे विचारतात.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने मानसिक कारणावरून दहा लाखांहून जास्त तरुण भरतीतच बाद केले. तरी आघाडीमागची इस्पितळं मनाने खचलेल्यांनी भरलीच. १९४६ मध्ये ॲपल आणि बीबी या अमेरिकन संशोधकांनी मांडलं की लढाईची सवय होत नसते. प्रत्यक्ष लढाईचे २०० ते २४० दिवस गेले की पायदळातला चांगला शिपाईही झिजतो. सतत काळजी करणाऱ्या स्वभावाला पीटीएसडीचा, म्हणजे भयंकर अनुभवानंतर मागे राहणाऱ्या मानसिक त्रासाचा, धोका थोडा जास्त, हे खरं. पण नंतर माणसांचा आधार मिळाला की नाही, त्याचं वजन अधिक.

धरमपेठचा मामा
"थोडा जास्त" म्हणजे मान्यच केलं की! मग तो धोका माझ्याच बहिणीच्या पोराने का घ्यावा? (इथे मी तटस्थ नाही, कबूल.)

मानकापूरची वहिनी
आमचे हे बोलके, पंगतीत सगळ्यांना हसवणारे. परत आल्यापासून रात्री तीनदा उठून दाराची कडी बघतात. शेजारी तर्री-पोहे खाताखाता विचारतात, "किती टिपले जी?" हे हसून विषय बदलतात, मग दोन दिवस गप्प. आम्ही घरच्यांनी काय विचारायचं असतं, तेच कळत नाही.

सीताबर्डीकर
वहिनी, बोलका मोकळा होतो हे वाक्य मागे घेतो. पण चाचणी चुकीची होती म्हणून पारखच नको, हे मला पटत नाही.

सुभेदार (रि.), कामठी
पारख पाहिजेच, नाही कोण म्हणते? मामा, रविवारी पोराले कामठीले आणा. तो नाडी बांधणारा इथंच राहते, अजून दहाच शब्द बोलते. दोघांले बसू द्या. कोंबडी मी कापतो.