शब्दचर्चा : अ‍ॅस्पर्गर असलेल्यांच्या ‘स्पेशल इंटरेस्ट’ला मराठीत काय म्हणावं? छंद, नाद, वेड, ध्यास, व्यासंग…

गुहागर (धागा काढणारी)

शाळेत वाटण्यासाठी अ‍ॅस्पर्गर सिंड्रोमवर (ऑटिझमचा, म्हणजे स्वमग्नतेचाच एक प्रकार) मराठीत पत्रक लिहिते आहे. बाकी मजकूर झाला, एका शब्दापाशी अडलंय. ही मुलं एखाद्या विषयात पार बुडून जातात. त्याबद्दल मिळेल ते वाचतात, वह्या भरतात आणि भेटेल त्याला सांगत सुटतात. इंग्रजीत याला ‘स्पेशल इंटरेस्ट’ म्हणतात, काही अहवालांत तर सरळ ‘ऑब्सेशन’ लिहिलेलं असतं. ‘छंद’ फार हलका वाटतो, फावल्या वेळातला. ‘वेड’ लिहायला हात धजत नाही.

माझ्या भाच्याचा विषय कोकण रेल्वे. रत्नागिरी सोडली की निवसर, आडवली, वेरवली, विलवडे, सौंदळ, राजापूर रोड ही स्थानकं तो एका दमात म्हणतो. करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा आणि पानवलचा पूल ६४ मीटर उंच, हे पाहुण्याचं नाव विचारायच्या आधी सांगून होतं. शेजारच्या आजी म्हणतात, “काय गो, ह्याला रेल्वेचा नाद लागलाय.” त्यांच्या तोंडी ते मायेचं वाटतं. पत्रकात चालेल का?

मालवण

ताई, ‘नाद’ नको. आमच्याकडे दशावताराचा नाद असतो आणि तो कौतुकाने सांगतात, हे खरं. पण दारूचा, मटक्याचाही नादच असतो. कोण म्हणतंय आणि कुठल्या सुरात, यावर तो शब्द बरा की वाईट ते ठरतं, आणि छापील कागदाला सूर नसतो. ‘तेका याड लागला’ हेही घरात ठीक, शाळेत नको. वर्गातली पोरं तेच उचलतील.

दापोली

मालवणकरांशी सहमत, पण मला नामापेक्षा क्रियापद जास्त महत्त्वाचं वाटतं. नाद, वेड, छंद, ध्यास, पिसं, खूळ हे सगळे मराठीत ‘लागतात’. तहान-भूक लागते तसे, आणि दृष्ट लागते, बाधा लागते तसेही. जे लागतं ते बाहेरून येतं आणि उतरवता येतं, अशी समजूत या क्रियापदात आपोआप येते. एकटंच पुटपुटणाऱ्या, हात हलवणाऱ्या मुलाला ‘बाहेरचं काही लागलंय का’ असं विचारणारे लोक आपल्या गावांत आजही आहेत. अशा ठिकाणी ‘याला अमुकचं वेड लागलं आहे’ असं छापणं मला धोक्याचं वाटतं. पुढची पायरी ‘ते काढा’ हीच असते, आणि मग मुलाची वही लपवली जाते, नाहीतर शिक्षा म्हणून काढून घेतली जाते.

‘ध्यास’ला टोक असतं, पुढे काहीतरी मिळवायचं असतं. स्थानकं पाठ असणाऱ्या मुलाला स्टेशनमास्तर व्हायचं असेलच असं नाही. त्याला स्थानकं आवडतात, बस्स.

माझं मत ‘व्यासंग’. यात ‘सञ्ज्’ म्हणजे चिकटणे हा धातू आहे. ‘आसक्ती’तही तोच. एकाच धातूपासून एक शब्द विद्वानांच्या कौतुकाचा झाला, दुसरा संतांनी सोडायला सांगितलेला. मुलाला पहिला द्यावा. शिवाय व्यासंग ‘असतो’ किंवा ‘करतात’, तो लागत नाही.

अलिबाग

मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करते, म्हणून एवढं सांगते की ‘ऑब्सेशन’चं भाषांतर शोधूच नका. मानसोपचारात ऑब्सेशन म्हणजे नको असताना पुन्हा पुन्हा मनात घुसणारा विचार. आपल्याकडे त्या आजाराला मंत्रचळ म्हणतात. कडी लागली आहे की नाही हे दहादा बघणाऱ्याला त्यात सुख नसतं, त्याला सुटका हवी असते. अ‍ॅस्पर्गर असलेल्या मुलाला त्याच्या विषयातून आनंद मिळतो, शीण जातो. दोन्ही गोष्टी एकाच माणसात असू शकतात, म्हणून तर शब्द वेगळे हवेत. नाहीतर पालक आवडीवरच औषध मागतात.

पत्रकात थोडा इतिहास द्या. व्हिएन्नाचा बालरोगतज्ज्ञ हान्स अ‍ॅस्पर्गर याने १९४४ साली अशा मुलांचं वर्णन केलं, तो त्यांना ‘छोटे प्राध्यापक’ म्हणे. (नाझी राजवटीशी त्याने केलेल्या सहकार्याचे पुरावे पुढे आले आहेत. त्यामुळे अनेकांना हे नावच नको असतं आणि मला ते पटतं.) ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ लॉर्ना विंग यांनी १९८१ च्या लेखात ‘अ‍ॅस्पर्गर सिंड्रोम’ ही संज्ञा रुळवली. १९९४ मध्ये ती मानसिक विकारांच्या अमेरिकन निदानपुस्तिकेत आली आणि २०१३ मध्ये वेगळं निदान म्हणून काढून टाकली गेली. आता सगळं ऑटिझम स्पेक्ट्रममध्ये येतं, आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही तेच नाव आहे. तेव्हा ‘स्वमग्नता’ हा शब्दही घाला, प्रमाणपत्रासाठी धावपळ करणाऱ्यांना उपयोग होईल.

आणि मुलींबद्दल एक ओळ हवीच. त्यांचे विषय पुष्कळदा प्राणी, गोष्टीची पुस्तकं, एखादी अभिनेत्री असे चारचौघींसारखे असतात. वेगळी असते ती तीव्रता. म्हणून त्या नजरेतून सुटतात.

दापोली

त्याच अमेरिकन निदानपुस्तिकेत ‘मर्यादित आवडी’ असाही शब्दप्रयोग आहे, तो तसाच मराठीत आणू नये. ऑटिझमच्या अभ्यासक डायना मरे आणि सहकाऱ्यांनी २००५ साली ‘मोनोट्रॉपिझम’ची मांडणी केली. तिचा गाभा असा की या लोकांचं लक्ष एका वेळी थोड्याच गोष्टींवर, पण सगळ्या जोरानिशी जातं. पोफळीच्या बागेत पाटाचं पाणी सगळ्या आळ्यांना थोडं थोडं न सोडता एकाच आळ्याला सोडावं, तसं. मध्येच कुणी हाक मारली की मूल चिडतं त्याचंही कारण हेच. पाणी लगेच दुसरीकडे वळत नाही.

देवगड

मला स्वतःला अ‍ॅस्पर्गर आहे. निदान वयाच्या पस्तिशीनंतर झालं. माझा विषय भरती-ओहोटी.

आमच्या बंदरात जुने लोक तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला पूर्ण भरती. हे मला लहानपणी कळलं आणि मी वेळा लिहून ठेवू लागलो. हिशेबाने भरती तिथीमागे ४५ मिनिटं पुढे जायला हवी, प्रत्यक्षात ती रोज साधारण ५० मिनिटं सरकते. या फरकावर मी तास दोन तास बोलू शकतो. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण आणि अष्टमीच्या आसपासचा भांग (म्हणजे कमी चढणारी भरती) यांतली पातळीची तफावतही मला तितकीच प्रिय आहे. दिवस वाईट गेला की मी कोष्टक उघडतो आणि जीव थाऱ्यावर येतो.

‘व्यासंग’ने माझा मान वाढतो, पण त्यातून लोक विद्वत्तेची अपेक्षा करतात. आमच्यातला प्रत्येक जण तज्ज्ञ नसतो. कुणाला फक्त पंख्याची पाती फिरताना बघायला आवडतं, आणि त्याचा आनंद माझ्याइतकाच खरा असतो. मी वर लिहिलं तेच बघा, ‘माझा विषय’. मराठीत ‘जिव्हाळ्याचा विषय’ म्हणतातच की. नवा शब्द घडवायची गरज काय?

दापोली

मान्य. माझा ‘व्यासंग’ मागे घेतो. पंख्याच्या पात्यांना तो लागू पडत नाही, आणि शब्द त्या मुलालाही पुरला पाहिजे.

मालवण

दादा, ‘जिव्हाळ्याचा विषय’ आमच्या आयेकपण समजतलो.

गुहागर (धागा काढणारी)

हाच घेते. देवगडच्या दादांचे खास आभार. परिच्छेद असा केला आहे :

‘अ‍ॅस्पर्गर असलेल्या बहुतेक मुलांचा एखादा जिव्हाळ्याचा विषय असतो. त्यात त्यांना आनंद आणि विसावा मिळतो. विषय बदलू शकतो, कधी वर्षानुवर्षं टिकतो. तो मंत्रचळ नाही. शिक्षा म्हणून तो काढून घेऊ नये. विषयावर बोलायला ठरलेली वेळ द्यावी, काम बदलायचं असेल तेव्हा आधी सांगावं आणि जमेल तिथे गणित, भूगोल त्या विषयातूनच शिकवावा.’

अलिबागच्या ताईंनी सांगितलेली मुलींबद्दलची ओळ याच्या लगेच खाली घालते. ‘मंत्रचळ’ पालकांना कळेल ना, की कंसात एका वाक्यात समजावू?

अलिबाग

समजवाच. दाराच्या कडीचं उदाहरण द्या, कंस नको.