साहेबांसोबत फ्लाय फिशिंगला जावं का?

नोव्हीकर:
आमचे व्हीपी, सगळं आयुष्य ऑटो पार्ट्सच्या धंद्यात गेलेलं, पण सीझन सुरू झाला की उत्तर मिशिगनमधल्या ऑ साबल नदीवर फ्लाय फिशिंगला (गळाला नकली किडा लावून मासे पकडायला) पळतात, पकडलेला एकूणएक ट्राउट परत सोडतात, आणि बाकीच्या शनिवारी त्याच नदीत उतरून किडे मोजतात, काठावर ओंडके रचतात. आता मला आणि हिला बोलावलंय. मी मालवणचा, आमच्यात बांगडा आणला की त्याचं तिखलं होतं, सोडायचाच तर पकडायचा कशाला? माशाला उगाच त्रास नाही का? आणि ह्या कामाने नदीला खरंच काही फायदा होतो का?

उत्तरमिशिगन:
होतो, आणि पुरावा ह्याच नदीवर आहे. जॉर्ज मेसन हे नॅश-केल्विनेटर ह्या मोटार कंपनीचे प्रमुख, १९५४ मध्ये नॅश आणि हडसन ह्या मोटार कंपन्या एकत्र करून अमेरिकन मोटर्स उभी केली ती त्यांनीच, आणि त्याच वर्षी ते वारले. जाताना ह्या नदीच्या साउथ ब्रँच फाट्याच्या काठची आपली सुमारे १,५०० एकर जमीन राज्याला देऊन गेले, ती कधीही विकायची नाही ह्या अटीवर. आज त्या मेसन ट्रॅक्टमध्ये कोणीही जाऊ शकतं. बदकांसाठी डक्स अनलिमिटेड ही संस्था आहे तसं ट्राउटसाठी काहीतरी हवं, हे ते आपला मित्र जॉर्ज ग्रिफिथला सांगायचे, आणि १९५९ साली ग्रेलिंगजवळ ग्रिफिथच्या नदीकाठच्या घरी सोळा जण जमले आणि ट्राउट अनलिमिटेड सुरू झाली. मला सगळ्यात आवडतं ते हे की त्यांनी जास्त मासे मागितलेच नाहीत! सरकार तेव्हा हॅचरीतले (मासे वाढवायच्या केंद्रातले) तयार मासे नदीत सोडायचं, ह्यांचं म्हणणं, आधी पाणी नीट ठेवा, मासे आपोआप होतील. ग्रेलिंग गाव ज्या माशाच्या नावाचं, तो ह्या नदीतून कधीच संपलाय, जंगलतोडीचे ओंडके नदीतून वाहून नेले त्यात अंडी घालायच्या जागाच गेल्या, वर बेसुमार मासेमारी.

शरयू_ग्रेलिंग:
त्रासाबद्दल सरळ सांगते, त्रास होतो, आणि सोडलेल्यातले काही मरतातही. पण गांडूळ लावलेला गळ मासा गिळतो, फ्लाय बहुतेक वेळा ओठातच अडकते, त्यात बिनकाट्याचा (टोकाला उलटा काटा नसलेला) गळ असेल तर पटकन सुटतो. हात ओले करून धरायचा, शक्यतो पाण्याबाहेर काढायचाच नाही, फोटोसाठी तर नाहीच. आणि पाणी २० अंश सेल्सिअसच्या वर गेलं की मासेमारी बंद, कारण गरम पाण्यात ऑक्सिजन कमी आणि दमलेला ट्राउट सावरत नाही.

किड्यांचं म्हणाल तर फ्लाय म्हणजे पिसं आणि केस दोऱ्याने बांधून केलेला किडाच, त्यामुळे नदीत कुठला किडा कधी निघतो हे ह्या लोकांना बघावंच लागतं. मेफ्लाय, स्टोनफ्लाय, कॅडिस ह्यांच्या अळ्या घाण पाण्यात टिकत नाहीत, त्या कमी दिसायला लागल्या की वर कुठेतरी काहीतरी बिघडलंय, मग शोधायला लागायचं. मी स्वतः जाते दर वसंतात आणि फॉलमध्ये, दगड उलटे करून ट्रेमध्ये वेचायचे, मुलांना तर फार आवडतं.

डेट्रॉइटचा_दादा:
जाच तुम्ही, पण आधी किडे मोजायला, वहिनींनाही घेऊन. त्याला लायसन्स लागत नाही, गळ टाकायचा असेल तर लागतं, एका दिवसाचंही मिळतं. आणि वेडर्स (पाण्यात उतरायची रबरी पँट) आणि बूट दुसऱ्या नदीत घालण्याआधी धुवून पूर्ण वाळवा, न्यूझीलंड मडस्नेल नावाच्या बारीक गोगलगायी बुटांना चिकटून एका नदीतून दुसरीत गेल्यात.