अनुभव धागा : कधीच न संपणारे छोटे मंत्र

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलाभोवती बसून, फासे टाकत पात्रं रंगवायचा खेळ. त्याच्या १९७४च्या मूळ रूपात पहिल्या पातळीच्या जादूगाराला दिवसाला एकच मंत्र मिळे. २०१४च्या पाचव्या आवृत्तीत त्याच पातळीच्या विझर्डकडे (जादूगाराकडे) दोन स्पेल स्लॉट, म्हणजे मोठा मंत्र टाकायच्या मोजक्या संधी, आणि तीन कॅन्ट्रिप्स, म्हणजे छोटे मंत्र, असतात, आणि कॅन्ट्रिप्स कितीही वेळा टाकता येतात. इंदूरच्या मंडळींनो, तुमच्या टेबलावर यामुळे काय बदललं? मतं नंतर, आधी प्रसंग सांगा.

रामबागहून : मी तिसऱ्या आवृत्तीपासून खेळतोय. तेव्हा शून्य पातळीचे मंत्र, म्हणजे कॅन्ट्रिप्सही, मोजूनच मिळत. ते संपले की माझा विझर्ड क्रॉसबो घेऊन मागे उभा राही. आता मुलगी विझर्ड खेळते. तिचा फायर बोल्ट, म्हणजे आग फेकायचा मंत्र : नुकसानीला दहा बाजूंचा एक फासा, पल्ला १२० फूट. नुकसान बेताचंच, पण तिच्या प्रत्येक पाळीला ती जादूगारच असते. मला ते फार आवडतं.

तिलकनगरहून, डीएम (म्हणजे खेळ चालवणारा) : मांडूच्या चंपा बावडीखालच्या तळघरांवर मोहीम रचली होती. मशाली किती उरल्या, यावरच सगळी भीती उभी होती. लाइट हा उजेडाचा कॅन्ट्रिप आला आणि मशाली कुणी विकतच घेईना. मंत्रावर बंदी घातली नाही. वीस फूट लख्ख आणि पुढे वीस फूट अंधूक उजेड पडतो, म्हणजे तळघरात जे दबा धरून बसलंय त्यालाही तो दिसणारच. दुसऱ्या वळणावर पोरांनी स्वतःच लाइट विझवला.

सुदामानगरहून : भाचा अकरा वर्षांचा, टेबलावर क्वचितच बोले. एकदा सगळे कैदेत पडले. गजांपलीकडे पहारेकरी थंड, अळणी पेज खात बसलेला. भाच्याने प्रेस्टिडिजिटेशन हा किरकोळ करामतींचा कॅन्ट्रिप टाकून ती पेज गरम केली, मग पुन्हा टाकून तिला आपल्या जिरावन मसाल्याची चव आणली. डीएमने पहारेकऱ्याला बोलतं केलं, आणि अर्धा तास भाचाच त्याच्याशी बोलत होता! मंत्र मोजके असते तर पेजेवर कोणी खर्च केला असता? त्या दिवसापासून तो टेबलावर बोलू लागला.

पलासियाहून : प्रत्येक फाशाआधी ‘गायडन्स!’, म्हणजे सोबत्याच्या फाशाला हातभार लावणारा कॅन्ट्रिप, ऐकून कंटाळलो होतो. आता मंत्र मोठ्याने म्हणायचा आणि सोबत्याला हात लावायचा, हे आम्ही काटेकोर पाळतो. भर दरबारात कोणी धजत नाही.

स्नेहलतागंजहून : मी विरुद्ध बाजूचा. आम्ही जुने नियम खेळतो. हातात एकच मंत्र असला की तो कधी टाकायचा यावर सगळे तावातावाने भांडतात. आम्ही झोपेचा मंत्र शेवटपर्यंत राखला आणि पुलावरचे पहारेकरी एका झटक्यात लोळवले. ती मजा रोजच्या फायर बोल्टला नाही.

धागाकर्ती : दादा, मोठे मंत्र पाचव्या आवृत्तीतही मोजकेच आहेत. ते राखून ठेवता येतात, कारण मधल्या पाळ्या कॅन्ट्रिप्स निभावून नेतात.

स्नेहलतागंजहून : हे मान्य. पण मेज हँड, म्हणजे कॅन्ट्रिपने आणलेला जादूचा हात, तीस फुटांवरून दहा पौंडांपर्यंतचं काहीही उचलतो, दारं उघडतो. चोराचं पात्र खेळणाऱ्याने मग करायचं काय? यावर कोणाचा अनुभव असेल तर जरूर लिहा.