चार गोल खाल्ले म्हणून गोलकीपर कच्ची ठरते का?

गोलकीपरचा बाप, भुसावळ
नमस्कार मंडळी. मुलगी १५ वर्षांची, शाळेच्या हॉकी संघात गोलकीपर. गेल्या आठवड्यात जळगावला सामना झाला, ०-४ हरलो. निवडीला बसलेले एक सर तिच्यादेखत म्हणाले, "चार खाल्ले, हिला कशाला घ्यायचं?" समोरच्या संघाची कीपर घेतली, तिने एकही खाल्ला नव्हता.

मी गोलमागे बाभळीखाली बसून पाठकोऱ्या कागदावर रेघा मारत होतो. आमच्या गोलवर १९ फटके आले, १५ तिने अडवले. समोरच्या पोरीकडे सगळे मिळून ३, तेही डीच्या (गोलपुढच्या अर्धवर्तुळाच्या) टोकावरून घरंगळत आलेले. घरी आल्यावर पोरीने किकर (कीपरचे पावलांवरचे जाड गार्ड) दारातच टाकले. आईने कळण्याची भाकरी केली होती, तिला हात लावला नाही. मांडीवर चेंडूचा काळानिळा वण. तिला काय सांगू? खोटी समजूत घालायची नाहीये.

जुना फुलबॅक, धुळे
भाऊ, रेघा मारल्या ते फार बरं केलं. १९ पैकी १५ म्हणजे शेकडा ७९. समोरचीचे १००, पण एक चेंडू पायातून सुटला असता तर तीच ६७ वर आली असती. तीन चेंडूंवर कुणाची पारख होते का भो?

आणि डीबाहेरून मारलेला चेंडू थेट आत गेला तरी गोल धरत नाहीत. म्हणजे १९ वेळा आपल्यापैकी कुणीतरी समोरच्याला डीत येऊ दिलं. ते खातं आम्हा फुलबॅकांचं, म्हणजे गोलजवळच्या बचाववाल्यांचं. पेनल्टी कॉर्नरला (डीतल्या चुकीबद्दल समोरच्यांना मिळणारा फटका) तर कीपर धरून पाचच जण मागच्या रेषेमागे असतात. पहिला रशर, म्हणजे फटका मारणाऱ्यावर धावून जाणारा, उशिरा निघाला की कीपर उघडी पडते. २०२४ ला पॅरिसमध्ये आपला पहिला रशर अमित रोहिदास ब्रिटनविरुद्ध १७ व्या मिनिटाला लाल कार्ड घेऊन बाहेर गेला. श्रीजेश आणि उरलेल्यांनी १-१ धरून ठेवलं, शूटआऊट ४-२ जिंकलं. सेमीफायनलला रोहिदासवर बंदी होती, जर्मनीकडून २-३ हरलो. कीपर दोन्ही दिवशी तोच.

तुमचे चार गोल कसे झाले ते लिहा.

बर्फावरची हॉकी बघणारा, नंदुरबार
एनएचएलमध्येही (अमेरिका-कॅनडातली बर्फावरच्या हॉकीची लीग) हाच वाद. २००३-०४ च्या हंगामात फ्लोरिडाच्या रॉबर्टो लुओंगोवर २४७५ फटके आले, त्याने २३०३ अडवले. शेकडा ९३.१. तरी संघ प्लेऑफपर्यंत पोचला नाही. न्यू जर्सीच्या मार्टिन ब्रोड्यूरचे ९१.७, पण त्याच्यापुढचा बचाव घट्ट, सामन्यामागे सरासरी २.०३ गोलच खाल्ले. सर्वोत्तम गोलकीपरची व्हेझिना ट्रॉफी ब्रोड्यूरला मिळाली. मला ते आजही पटत नाही.

पण नुसत्या टक्केवारीवरही जाऊ नका. लांबून भाराभर सोपे फटके आले की ती फुगते. शिवाय ब्रोड्यूर गोल सोडून पुढे येऊन पक (चेंडूऐवजी असते ती चकती) स्वतः खेळवायचा, कितीतरी हल्ले सुरू व्हायच्या आतच मोडायचा. त्याच्यावर फटके कमी आले त्यात त्याचाही वाटा. तुमची मुलगी बचावाला ओरडून सांगते का?

गोलकीपरचा बाप, भुसावळ
कागद काढला. दोन गोल कॉर्नरच्या रिबाउंडवर. पहिला फटका तिने पॅडवर घेतला, चेंडू समोर हातभर अंतरावर पडून राहिला, आमचं कुणीच धावलं नाही. तिसऱ्याला समोरच्या दोघी आणि आमची एकटी. चौथा लांबून, सरळ दोन पायांमधून.

रात्री तिच्यापुढे ठेवला. चौथ्या रेघेवर बोट ठेवून म्हणाली, "पप्पा, हा माझा." मग रिबाउंडच्या दोन रेघा बराच वेळ बघत बसली. "हेही मी बाजूला ढकलायला पाहिजे होते, समोर नाही." ओरडायचं विचारलं तर गप्प. मी मागेच बसलो होतो, मलाही तिचा आवाज आला नव्हता.

आज ऊन चढायच्या आत दोन फुलबॅक मैत्रिणींना घेऊन मैदानावर गेलो. मी मारतो, ही अडवते आणि नाव घेऊन हाक मारते, हाक लागली तीच रिबाउंड काढते. धुळ्याचे भाऊ, एक सांगा: रशरने कीपरच्या कुठल्या बाजूने धावायचं, म्हणजे हिला चेंडू दिसत राहील?