मदत हवी आहे: मारहाणीच्या केसमध्ये आत्ताच डिस्चार्ज (खटला चालण्याआधीच आरोपमुक्ती) मागावा का?

नमस्कार मंडळी. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली, बांधावरून झालेल्या भांडणाची केस आहे. आरोपीवर भारतीय न्याय संहितेचं कलम ११५(२) (दुखापत करणं) आणि ११८(१) (धोकादायक हत्यारानं दुखापत) लावलंय. बी रिपोर्ट (केस बंद करण्याचा पोलिसांचा अहवाल) झाला नाही, चार्जशीट आलं. डॉक्टरांच्या दाखल्यात डाव्या मनगटावर २ सेंटिमीटरचं खरचटणं, 'साधी दुखापत'. काठी जप्तच नाही. हस्तलिखित मराठी फिर्यादीत 'काठी उगारली' आहे, पोलिसांच्या कन्नड जबाबात मात्र 'काठीनं मारलं'.

नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २६२ खाली डिस्चार्जचा अर्ज पोलिसांच्या कागदपत्रांच्या प्रती मिळाल्यापासून ६० दिवसांत द्यायचा. ४१ दिवस गेलेत. पण या टप्प्यावर कोर्ट पोलिसांचे कागदच बघतं, साक्षीदार खरा की खोटा ते तपासत नाही. जखमीचा जबाब ठाम असला की नुसती काठी न सापडल्यानं केस पडत नाही. त्यामुळे सगळं सुटेल अशी आशा नाही. निदान ११८(१) गळावं. एकटं ११५(२) उरलं तर जखमीशी तडजोड होते. ११८(१) तडजोडीत बसत नाही, मग केस रद्द करून घ्यायला हायकोर्टाच्या धारवाड खंडपीठात नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ खालच्या अर्जाचा खर्च.

फिर्याद आणि जबाबातली ही तफावत आत्ताच मांडावी, की उलटतपासणीसाठी राखून ठेवावी? आधी मांडली तर साक्षीदार सावध होईल ही भीती आहे. इथल्या कोर्टात अशा केस चालवलेल्या वकिलांनी कृपया सांगावं.