शब्दचर्चा : 'नेशन लँग्वेज'ला मराठीत काय म्हणावं?

पाटीपेन्सिल :
कॅरिबियन कवितेवरचा एक लेख मराठीत आणतेय. कवी कामाऊ ब्रॅथवेट यांचा 'नेशन लँग्वेज' (म्हणजे कॅरिबियन लोकांची, आफ्रिकी वळणाची इंग्रजी) हा शब्द त्यात पानोपानी येतो. आधी 'राष्ट्रभाषा' लिहून टाकलं. दुसऱ्या दिवशी वाचलं तर डोळ्यांपुढे हिंदी दिवसाचा फलक! 'बोली' चालेल का?

उंबरठा :
'राष्ट्रभाषा' नकोच, पण 'बोली'ही नको. तोच शब्द टाळायला तर त्यांनी हा शब्द पुढे केला. 'डायलेक्ट' म्हटलं की मळ्यावरच्या गुलामाची मोडकीतोडकी इंग्रजी, नक्कल करून हसायची चीज, असं ओझं त्या शब्दाबरोबर येतं, हे त्यांचं म्हणणं. १९७९ साली हार्वर्डमध्ये दिलेल्या व्याख्यानात त्यांनी हे मांडलं; ते १९८४ मध्ये पुस्तकरूपानं आलं.

त्यातलं गाजलेलं वाक्य असं : हरिकेन पेंटामीटरमध्ये, म्हणजे इंग्रजी कवितेच्या पाच आघातांच्या छंदात, गर्जत नाही. (पेंटामीटरला 'पंचगणी' म्हणावं, तर वाचक स्ट्रॉबेरी शोधायला लागेल.) गंमत म्हणजे 'हरिकेन' हा शब्दच मुळी त्या बेटांवरचा. तिथल्या मूळच्या ताइनो लोकांकडून तो स्पॅनिशमध्ये गेला आणि मग इंग्रजीत. वादळाला नाव त्या मातीचं, आणि शाळेत घोकायच्या कविता मात्र इंग्लंडातल्या बर्फावरच्या! आपल्याकडे जात्यावरची ओवी शार्दूलविक्रीडितात बसवायला सांगितल्यासारखंच.

खडूफळा :
'नेशन'चा अर्थ देश असा घेऊ नका, एवढीच भर घालतो. ग्रेनाडाजवळच्या कॅरिआकू बेटावर 'बिग ड्रम' नावाचा विधी असतो. त्यातल्या काही नाचांना 'नेशन डान्स' म्हणतात : क्रोमांती, इबो, मांडिंग. आफ्रिकेतल्या ज्या लोकांतून पूर्वज आले, ते आपलं 'नेशन'. ब्रॅथवेट जन्माचे बार्बाडोसचे, पण १९५५ ते १९६२ घानात नोकरीला होते. तिथल्या अकान लोकांच्या ढोलांचा ठेका त्यांच्या १९६८ च्या 'मास्क्स' या कवितासंग्रहात सरळ ऐकू येतो. 'कामाऊ' हे नावही पुढे केनियात मिळालेलं. म्हणून मला 'गणगोत' हा शब्द जवळचा वाटतो. 'गोतभाषा' कसं वाटतं?

उंबरठा :
कानाला छान, पण 'गोत' म्हटलं की आपल्याकडे सोयरीक आणि जात लगेच हजर होते. तिकडे तर वेगवेगळ्या गोतांची माणसं एकाच मळ्यावर कोंबली गेली आणि त्यातून ही भाषा झाली. मी 'नेशन लँग्वेज' तसंच ठेवेन आणि पहिल्या उल्लेखापाशी दोन ओळी खर्चीन.

पाटीपेन्सिल :
पटलं. पुढची अडचण लुईझ बेनेटची, म्हणजे जमैकाच्या 'मिस लू'ची. जमैकन माणसं बोटी भरभरून इंग्लंडला निघालीत, वसाहतवाद उलटा फिरलाय, अशी तिची एक खट्याळ कविता आहे. सुरुवातीलाच बाई आनंदानं मिस मॅटीला सांगते : 'आय फील लाइक मी हार्ट ग्वाइन बर्स' (वाटतं, माझं काळीज आता फुटणार). वऱ्हाडीत करू का?

उंबरठा :
नको हो. वऱ्हाडी केलीत की वाचक थेट अकोल्याच्या स्टँडवर उतरतो, किंग्स्टन राहतं बाजूला. शिवाय कित्येक वर्षं मिस लूला लोकांनी 'हसवणारी बाई' म्हणूनच धरलं. आपल्याकडेही नाटक-सिनेमात बोली ऐकू आली की लोक आधी हसतात. त्यात पुन्हा अडकाल. मराठी साधी, चुलीपुढची ठेवा आणि ठेका सांभाळा.

खडूफळा :
आणि ते 'मी' बघितलंत का? जमैकन बोलण्यात 'मी', 'मला', 'माझं' सगळ्याला तो एकच शब्द, उच्चार ऱ्हस्व. मराठी 'मी'शी नातं आहे, पण फार दूरचं, इंडो-युरोपीय मुळातलं. पण मराठी वाचक त्या ओळीत क्षणभर अडखळणार.

पाटीपेन्सिल :
अडखळू दे की! मूळ ओळ देवनागरीत तशीच देते. आता अडलंय ते 'बर्स'पाशी. 'ऊर फुटतोय' म्हटलं तर बाई रडायला बसल्यासारखी वाटते.

खडूफळा :
'मिस मॅटी, जीव कसा मावंना गं उरात.' बघा म्हणून.