भिंत पाडण्याआधी जमिनीखाली बघा
अमेरिकेतल्या १९६२च्या रँच घराची (एकमजली, लांबट घर) मधली भिंत पाडून किचन मोकळं करायचं आणि मग घर भाड्याने द्यायचं, हा तुमचा बेत चांगला आहे, पण क्रम उलटा झालाय. आधी सांडपाण्याच्या पाइपात कॅमेरा घालून बघा. त्या काळचे भाजक्या मातीचे पाइप सांध्यांतून झाडांची मुळं आत घेतात आणि बिडाचे आतून गंजतात. घर थेट जमिनीवर ओतलेल्या काँक्रीटच्या स्लॅबवर असेल आणि हे उशिरा कळलं, तर नवी फरशी फोडावी लागते.

भिंतीचं म्हणाल तर अ‍ॅटिकमध्ये (छपराखालच्या पोकळीत) चढा. सीलिंगचे जॉइस्ट (आडव्या तुळया) त्या भिंतीवर येऊन एकमेकांवर टेकलेले दिसले, तर ती भार घेते. मग इंजिनिअर, परवाना आणि बीम, तिन्ही धरून चाला. ट्रस (छपराचे त्रिकोणी सांगाडे) असतील तर भिंत बहुधा भार घेत नाही, तरी खात्री करूनच हात लावा.

९ इंची चौरस टाइल्स आणि त्यांखालचा काळा गोंद लॅबमध्ये तपासल्याशिवाय कृपा करून घासू नका, अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. घर १९७८पूर्वीचं आहे, तेव्हा शिशाच्या रंगाबद्दल जे माहीत आहे ते करारापूर्वी भाडेकरूला लेखी द्यावंच लागतं.

दोन भोकांच्या सॉकेटजागी नुसतं तीन भोकांचं बसवून अर्थिंग येत नाही. नवी वायर ओढणं जमत नसेल तर जीएफसीआय (वीज गळली की प्रवाह लगेच तोडणारं सॉकेट) बसवा आणि त्यावर ‘अर्थिंग नाही’ असं लेबल लावा.